तबेल्यातली शाळा

८ ऑगस्ट
आजच्या चिंतनासाठी वाचने: १ राजे १७:८-१६ आणि मत्तय ६:२५-३४



गेले दोन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे, लेकीची शाळा. पुढच्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल. टेबलावर तीन शाळांची माहितीपत्रकं पडलीत आणि लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार! फी, अंतर, बस, बोर्ड, एका वर्गात किती मुलं, असे सगळे कॉलम केले. परवा रात्री मी त्यात आणखी एक कॉलम वाढवला. बाकीची मुलं कुठल्या घरची असतील, हा तो कॉलम. सर्वांत महागड्या शाळेला मी तिथे पूर्ण मार्क दिले. बायकोने बघितलं, ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मनात मात्र मला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं ते मला नीट कळत होतं.

सकाळी मत्तयाचा सहावा अध्याय उघडला. आकाशातली पाखरं, रानातली फुलं आणि उद्याची चिंता करू नका असं सांगणारा प्रभू. हा उतारा आपण इतक्यांदा ऐकलाय की मिस्सेत तो वाचला जात असताना आपण आरामात घड्याळ बघू शकतो. आज तो मला टोचला. माझ्या शीटमधला प्रत्येक कॉलम उद्याच्या चिंतेतूनच आलेला होता.

आज आपल्या कॅलेंडरमध्ये संत डॉमिनिकचं स्मरण आहे. ऑस्ट्रेलियात मात्र आज एका शिक्षिकेचा सण असतो. संत मेरी मॅकिलॉप, ऑस्ट्रेलियाची पहिली संत. आज तिच्याबद्दल लिहितो, कारण तिची पहिली प्राथमिक शाळा माझ्या शीटमध्ये कुठेच बसत नाही.

माझी आणि तिची ओळख योगायोगाने झाली. काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी मी काही महिने सिडनीला ऑनसाइट होतो. ऑफिस नॉर्थ सिडनीत. काचेच्या उंच इमारती, गळ्यात आयडी कार्ड लटकवलेली माणसं, हातात कॉफीचे कप. थोडक्यात, आपल्या बीकेसीसारखंच. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चालत चालत माउंट स्ट्रीटवर गेलो तर तिथे एक छोटं चॅपल दिसलं. आत एक कबर होती आणि माझ्यासारखेच ऑफिसचे कपडे घातलेले दोन-तीन जण शांत बसले होते. एक बाई आली, तिने कबरीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निघून गेली. मी वसईचा माणूस, देवळात शिरल्यावर गुडघे टेकायची सवय. टेकले. कोणाची कबर आहे हे त्यानंतर वाचलं. पुढे जमेल तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथे जात राहिलो आणि तिचं चरित्र हळूहळू कळत गेलं.

मेरीचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात झाला. आई-वडील दोघंही स्कॉटलंडहून आलेले. आठ भावंडांत ती थोरली. वडील अलेक्झांडर हुशार होते, तरुणपणी धर्मगुरू व्हायला रोमला शिकायला गेलेले, पण ते शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडलं. ऑस्ट्रेलियात त्यांनी जे काही धंदे केले त्यांत पैसा बुडत गेला. घर गेलं. कधी या नातेवाइकांकडे, कधी त्या नातेवाइकांकडे, असं कुटुंब फिरत राहिलं. अशा घरात थोरल्या मुलीचं काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. चौदाव्या वर्षी मेरी मेलबर्नमध्ये स्टेशनरीच्या दुकानात कारकून म्हणून कामाला लागली. तिच्या पगारावर घर चालायला मदत व्हायची.

१८६० मध्ये ती पेनोला नावाच्या गावी गेली. साउथ ऑस्ट्रेलियातलं हे छोटं गाव व्हिक्टोरियाच्या हद्दीजवळ आहे, अ‍ॅडलेडपासून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर लांब. तिथे तिच्या काका-काकूंची मोठी जमीन होती. त्यांच्या मुलांना घरी राहून शिकवायचं, हे तिचं काम. थोड्याच दिवसांत मळ्यावर काम करणाऱ्यांची मुलंही तिच्यासमोर येऊन बसू लागली. तिने मालकाची मुलं आणि गड्यांची मुलं एकत्र शिकवायला घेतली. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे असं मला वाटतं.

पेनोलाचे धर्मगुरू होते फादर ज्युलियन टेनिसन वुड्स. माणूस भन्नाट. धर्मगुरू तर होतेच, शिवाय दगड-माती, झाडं-झुडपं यांचा अभ्यास करणारे. साउथ ऑस्ट्रेलियाच्या भूगर्भावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यांचा धर्मग्राम किती मोठा असावा? बावीस हजार चौरस मैल. म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट, आणि हा एकटा माणूस घोड्यावर. फिरता फिरता त्यांना एक गोष्ट सतत दिसायची. रानात राहणाऱ्या गरीब कॅथलिक घरांतली मुलं अक्षरओळखीशिवाय वाढत होती. साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने धर्मसंस्थांची मदत १८५१ मध्येच बंद केली होती, त्यामुळे चर्चची शाळा काढायची तर पैसा लोकांनीच द्यायचा. लोकांकडे तो नव्हता. युरोपातून सिस्टर्स आणाव्यात तर त्या शहरांतल्या मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये राहणाऱ्या. धुळीच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत कोण राहायला येणार?

मेरीला व्रतस्थ व्हायचं होतं, पण घरची जबाबदारी सुटत नव्हती. मधली काही वर्षं ती पोर्टलंड या बंदराच्या गावात शिकवत होती, तिथेही तिच्या कमाईवर कुटुंब होतं. अखेर १८६६ च्या सुरुवातीला ती दोन बहिणींना घेऊन पेनोलाला परतली. वुड्सना शाळा हवी होती, पण इमारत नव्हती. मिळाला तो एक वापरात नसलेला घोड्यांचा तबेला. मेरीचा भाऊ जॉन याने तो साफसूफ केला, डागडुजी केली, आणि तिथे शाळा भरली. पन्नासहून जास्त मुलं आली. त्याच वर्षी १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, मेरीने साधा काळा पोशाख घातला आणि आता आपण देवाच्या कामाला वाहून घेतलं आहे हे जगाला कळू दिलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. संत जोसेफची भगिनीसंस्था हाच दिवस आपला आरंभ मानते.

नाताळात गोठा सजवणाऱ्या आपल्यासारख्यांना तबेल्याचं काही विशेष वाटू नये खरं तर. पण आपल्या मुलासाठी शाळा शोधताना तबेला कोण निवडेल?

या शाळेत काय वेगळं होतं ते सांगतो. पहिली गोष्ट, फी देता येत असेल त्याने द्यावी, नसेल त्याचं मूलही बसेल, त्याच बाकावर. दुसरी गोष्ट, शिक्षण कामाचं. वाचन, लेखन, हिशेब, धर्मशिक्षण. दुकानात कोणी फसवू नये, पत्र लिहिता यावं, एवढं तरी प्रत्येक मुलाला आलंच पाहिजे. पियानोसारखे जादा फी घेऊन शिकवायचे विषय सुरुवातीच्या काळात या सिस्टर्सनी मुद्दाम बाजूला ठेवले, कारण अशा विषयांमुळे एकाच शाळेत दोन प्रकारची मुलं तयार होतात. तिसरी गोष्ट, शिक्षिका कुठे राहणार? मुलांची घरं जशी, तशाच घरात. दोन-दोन, तीन-तीन सिस्टर्स एखाद्या खोपटात राहायच्या आणि गावातले लोक देतील त्यावर भागवायच्या. स्वतःची मालमत्ता ठेवायची नाही, हा नियम.

१८६७ मध्ये मेरी अ‍ॅडलेडला गेली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला तिने व्रते घेतली. सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस, क्रूसाची मेरी, हे तिचं नवीन नाव. वुड्स आणि तिने मिळून संस्थेचे नियम लिहिले. त्यात एक मुद्दा पुढे फार महागात पडला. सगळ्या सिस्टर्सची मिळून एकच प्रमुख असेल आणि ती सिस्टर्समधूनच निवडली जाईल. म्हणजे एखाद्या धर्मप्रांतातल्या शाळांचा कारभार तिथल्या बिशपांच्या हाती राहणार नाही. अ‍ॅडलेडचे बिशप लॉरेन्स शील यांनी तेव्हा नियमांना मान्यता दिली. १८६९ संपेपर्यंत सत्तरहून जास्त सिस्टर्स आणि २१ शाळा झाल्या. तबेल्यातल्या पहिल्या दिवसाला चार वर्षंही झाली नव्हती. सिस्टर्सचा झगा तपकिरी रंगाचा, म्हणून लोक त्यांना प्रेमाने ब्राउन जोइज म्हणायचे.

आता इथे थोडं थांबून माझ्या शाळेबद्दल सांगतो.

मी शिकलो ते सिस्टर्सच्याच एका मराठी प्राथमिक शाळेत. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी तिसरीत होतो. फी फार नव्हती, पण तीही तुंबली. महिन्याच्या शेवटी वर्गात फी राहिलेल्यांची यादी वाचली जायची. नाव आलं की उभं राहायचं. माझं नाव आडनावामुळे शेवटी यायचं, त्यामुळे सगळी यादी होईपर्यंत पोटात गोळा. मी बाकावर कोरलेली नावं वाचत बसायचो. घरी आईला काही सांगितलं नाही, कारण तिला सांगून काय होणार हे मला आठव्या वर्षीही समजत होतं. चौथीत नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि त्या महिन्यापासून यादी वाचणं बंद झालं. कोणी काही जाहीर केलं नाही. फी माफ झाली असंही नाही, बाबांनी ती पुढे हळूहळू भरली. फक्त वर्गात उभं राहणं संपलं. त्या सिस्टरचा चेहरा मला आता अंधूक आठवतो. पण चर्चशी माझं जे काही नातं आहे, त्याची एक मुळी त्या न वाचलेल्या यादीत आहे.

आणि आज तोच मुलगा एक्सेल शीटमध्ये असा कॉलम टाकतो की ज्यातून फी तुंबणारी घरं आपोआप गाळली जावीत. हे लिहिताना लाज वाटते, पण ब्लॉगवर खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

पुन्हा मेरीकडे येऊ. तिच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आता येतो.

१८७० च्या आसपास कपुंडा नावाच्या गावातला एक धर्मगुरू मुलांवर अत्याचार करतो, हे सिस्टर्सच्या कानावर आलं. त्यांनी ते दडवलं नाही. वुड्सना सांगितलं, वुड्सनी ते वरपर्यंत नेलं, आणि त्या धर्मगुरूला आयर्लंडला परत पाठवण्यात आलं. याचा राग त्याच्या काही सहकाऱ्यांच्या मनात राहिला. त्यातला एक जण पुढे बिशपांच्या जवळच्या वर्तुळात होता. शिवाय संस्थेवर कर्ज झालं होतं, वुड्सचा कारभार पैशाच्या बाबतीत ढिसाळ होता, आणि सिस्टर्स आपल्या हाताखाली नाहीत हे बऱ्याच धर्मगुरूंना खुपत होतं. मेरी त्या दिवसांत क्वीन्सलंडमध्ये शाळा काढत होती. ती १८७१ मध्ये परतली तेव्हा सगळं पेटलेलं होतं.

बिशप शील यांनी संस्थेचे नियम बदलायचं ठरवलं. मेरीने नम्रपणे कळवलं की ज्या नियमांवर व्रते घेतली ते सोडून मला राहता येणार नाही. २२ सप्टेंबर १८७१ रोजी बिशप कॉन्व्हेंटमध्ये आले आणि आज्ञाभंगाच्या कारणावरून त्यांनी तिला चर्चमधून बहिष्कृत केलं. ती गुडघे टेकून बसलेली होती. वय २९.

बहिष्कृत म्हणजे काय, ते आपल्या पिढीला कदाचित पटकन कळणार नाही. कम्युनियन नाही, साक्रामेंत नाहीत, आणि श्रद्धावंतांनी तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. बहुतेक शाळा बंद पडल्या. कितीतरी सिस्टर्सना झगा उतरवून बाहेर पडावं लागलं. ज्या बाईने रस्त्यावरच्या मुलांना छप्पर दिलं, तिच्याच सिस्टर्सवर छप्पर शोधायची वेळ आली.

आता आजचं पहिलं वाचन आठवा. दुष्काळात एलिया संदेष्टा भुकेला आहे. देव त्याला कुठे पाठवतो? इस्राएलात नाही, सारफथला. परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या एका विधवेकडे. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल, आणि त्यातून ती त्याला भाकर करून देते.

अ‍ॅडलेडमध्येही तसंच काहीसं झालं. सिस्टर्सना राहायला घर दिलं ते इमॅन्युएल सॉलोमन नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने, भाडं न घेता. हा माणूस मूळचा लंडनचा. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलेला कैदी, पुढे व्यापारी आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या संसदेचा सदस्य. म्हाताऱ्या वयात त्याने या सिस्टर्सना आसरा दिला. आपल्या माणसांनी दार लावलं आणि सारफथच्या विधवेचं दार उघडलं, असं मी म्हणेन. काही जेझुइट धर्मगुरूही मेरीच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना तो बहिष्कार चुकीचा वाटत होता.

त्या पाच महिन्यांत मेरीने काय केलं? ती बिशपांविरुद्ध बोलली नाही आणि दुसऱ्यांनाही बोलू दिलं नाही. पण नियमांच्या मुद्द्यावरून ती मागेही हटली नाही. आपल्याला हे दोन्ही एकत्र जमत नाही. मॅनेजरने अन्याय केला तर आपण एक तर मान खाली घालतो किंवा नोटीस पिरियडमध्ये सगळ्यांना सांगत फिरतो. तिसरा रस्ता असतो, हे तिच्याकडे बघून कळतं.

फेब्रुवारी १८७२ मध्ये बिशप शील मृत्युशय्येवर होते. तिथून त्यांनी मेरीवरचा बहिष्कार उठवण्याचा आदेश दिला. १ मार्चला ते वारले. पुढे चौकशी झाली आणि मेरी निर्दोष ठरली. सिस्टर्स परत आल्या, शाळा परत उघडल्या.

१८७३ मध्ये ती रोमला गेली, संस्थेला थेट पोप महाशयांकडून मान्यता मिळवण्यासाठी. ती पोप नववे पायस यांना भेटली. रोमने एकच प्रमुख असण्याचा मुद्दा मान्य केला, पण मालमत्ता न ठेवण्याचा नियम सैल केला. मेरीने ते स्वीकारलं. वुड्सना ते अजिबात पटलं नाही. त्यांना वाटलं, हिने ठामपणे भांडायला हवं होतं. दोघांचं नातं पुन्हा कधी पहिल्यासारखं झालं नाही. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिलं तोच दुरावला. हे दुःख बहिष्कारापेक्षा कमी असेल का, मला शंका आहे.

१८७५ च्या सुरुवातीला ती परतली ती आयर्लंडहून १५ तरुणींना बरोबर घेऊन. काम वाढलं, पण भांडणं संपली नाहीत. काही बिशपांना आपल्या धर्मप्रांतातल्या सिस्टर्स आपल्याच हाताखाली हव्या होत्या. बॅथर्स्टमध्ये त्यावरून संस्थेची वेगळी शाखाच झाली. १८८३ मध्ये अ‍ॅडलेडच्या नवीन बिशपांनी तिला शहर सोडायला लावलं आणि ती सिडनीला आली. १८८५ मध्ये प्रमुखपदही तिच्याकडून काढून दुसऱ्या सिस्टरला दिलं. मेरी तेरा-चौदा वर्षं त्या सिस्टरच्या हाताखाली राहिली. सांगितलं ते काम केलं.

याच काळात तिच्या घरावर मोठा आघात झाला. १८८६ मध्ये तिची आई फ्लोरा सिडनीला बोटीने यायला निघाली. सिस्टर्सच्या मदतीसाठी बाजार भरणार होता, त्यात हातभार लावायला. वाटेत ली-ई-मून ही बोट खडकावर आदळून फुटली आणि फ्लोरा त्यात गेली. आयुष्यभर घर नसलेली ती बाई लेकीच्या कामासाठी येताना गेली.

१८८८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी संस्थेला मान्यता दिली. १८९९ मध्ये मेरी पुन्हा प्रमुख म्हणून निवडून आली. १९०२ मध्ये न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ इथे तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. मग ती डाव्या हाताने लिहायला शिकली आणि व्हीलचेअरवरून सिस्टर्सना पत्रं पाठवत राहिली. १९०५ मध्ये त्यांनी तिलाच पुन्हा निवडलं. ८ ऑगस्ट १९०९ रोजी नॉर्थ सिडनीत तिचं निधन झालं. तोपर्यंत संस्थेच्या शाळांनी शंभरी ओलांडली होती.

१९१४ मध्ये तिचे अवशेष माउंट स्ट्रीटवरच्या चॅपलमध्ये आणले. मी गुडघे टेकले ती हीच कबर, आणि ती बांधून दिली तिच्या एका प्रेस्बिटेरियन मैत्रिणीने. पुन्हा सारफथ! १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिडनीत तिला धन्यवादित घोषित केलं आणि १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी रोममध्ये संत. एके काळी चर्चने बाहेर काढलेली बाई आज वेदीवर आहे.

मित्रांनो, हे सगळं लिहून मी पुन्हा माझ्या शीटसमोर बसलो.

मेरीचं वैशिष्ट्य तिच्या धीरात आहे असं मला आधी वाटायचं. आज वाटतं, ते त्या तबेल्याच्या दारात आहे. ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत तो या दारातून आत येईल, एवढं तिने ठरवलं आणि मग सगळं आयुष्य त्या एका निर्णयाची किंमत चुकवत गेलं. नियमांसाठी ती एवढी का अडून बसली? कारण सिस्टर्स त्या त्या ठिकाणच्या धर्माधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिल्या तर आज ना उद्या त्यांना सोयीच्या, बऱ्या घरांच्या शाळांकडे वळवलं जाईल आणि रानातली मुलं पुन्हा मागे राहतील. निदान मला तरी ते तसं दिसतं. आणि मुलांवरच्या अत्याचाराबद्दल तिच्या सिस्टर्स गप्प बसल्या नाहीत, तेही याच दारामुळे. मूल आत घेतलं की त्याला जपणं आलंच.

प्रभूने पाखरांचं आणि फुलांचं उदाहरण दिलं त्याचा अर्थ नियोजन करू नका असा मी घेत नाही. मेरी हिशेबाला पक्की होती, स्टेशनरीच्या दुकानातली कारकून होती ती. पण माझ्या उद्याची चिंता इतकी मोठी होऊ नये की दुसऱ्याचं मूल मला अडगळ वाटू लागावं. माझ्या शीटमध्ये तेच झालं होतं.

तर मग लेकीला कुठल्या शाळेत घालणार? अजून ठरलं नाही. आज रात्री बायकोशी बोलणार आहे. आमच्या जुन्या शाळेचं नाव शीटमध्ये नव्हतं, ते टाकलंय. मराठी माध्यम, पट कमी होत चाललाय, स्विमिंग पूल नाही. निवडूच असं वचन देत नाही, कारण मी मेरी नाही आणि लेकीच्या आयुष्यावर माझं प्रायश्चित्त लादणंही बरोबर नाही. तो कॉलम मात्र काढून टाकला.

आणखी एक ठरवलंय. अ‍ॅडमिशनच्या मुलाखतीत शेवटी पालकांना विचारतात, तुमचे काही प्रश्न आहेत का. आपण बस, एसी, रोबोटिक्स असलं काही विचारतो. मी या वेळी प्रत्येक शाळेत विचारणार आहे की फी तुंबली तर तुम्ही त्या मुलाला काय करता. यादी वाचता का? अ‍ॅपवर मुलासमोर आठवण येते का? परीक्षेला बसू देता का? उत्तर काय मिळतं त्यावरून ती शाळा मला बरीचशी कळेल.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं शाळेत जाऊ लागली आहेत किंवा जे धर्मग्रामाच्या शाळेच्या समितीवर आहेत त्यांनीही हा प्रश्न एकदा विचारून बघा. चर्चने दुखावलंय म्हणून जे दूर गेलेत, त्यांनी आज मेरीची पाच महिन्यांची गोष्ट मनात घोळवा. परत या असं सांगायचा मला अधिकार नाही. फक्त त्या काळातही देवाने तिला एकटं सोडलं नव्हतं, एवढं लक्षात असू द्या.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू गोठ्यात जन्मलास, म्हणून तबेल्यातली शाळा तुला परकी नाही. आमच्या मुलांची काळजी आमच्याइतकीच तुलाही आहे, यावर आम्हांला विश्वास दे. फी भरता येत नाही म्हणून आज कुठल्या वर्गात जे मूल मान खाली घालून बसलंय, त्याच्या शेजारी तू बस. आपल्याच माणसांनी ज्यांना बाहेर काढलं, त्यांना सारफथचं दार दाखव. आणि आमच्या घराचं दार कोणासाठी तरी तसं होऊ दे. आमेन.

संत मेरी मॅकिलॉप, आमच्यासाठी विनंती कर.

आजचा संकल्प: ज्या शिक्षकांमुळे आपली मान खाली गेली नाही, अशा एका व्यक्तीची आज आठवण काढू. ती हयात असेल तर फोन करू, नसेल तर तिच्यासाठी रोझरीचा एक दशक म्हणू.

उद्या भेटू.